गेटाबाहेरचा खेळाडू

"गेला!" माधव म्हणाला. "हाही गेला आत."

पडद्यावर जॉर्ज नावाचा विणकर खांदे पाडून गिरणीच्या लोखंडी गेटातून आत चालला होता. बर्फ भुरभुरत होता, गॅसचे दिवे मिणमिणत होते. जॉर्जला चालवणारा कॉलेजचा मुलगा हेडफोन काढून विचारत होता, "बरोबर केलं ना मी? बाहेर नुसतं उभं राहून काय होणार होतं?"

शैलाला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण पोरगा भला होता. शिवाय खेळ तपासायला त्याला समोसे खाऊ घालून बोलावलं होतं ते तिनंच. सकाळपासून अशी किती पोरं आली, खेळली आणि गेली. कोणी मुकादमाच्या पहिल्याच हाकेला आत गेलं, कोणी बर्फ पडायला लागल्यावर. एक तर गेटावर उभा राहून स्वतःचा मोबाईल बघत बसला, मग कंटाळून तोही आत गेला.

हे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका पोराच्या खेळण्यावरून ही बाई एवढी का तडकली.

लंडनच्या एका कंपनीसाठी परळमधल्या या स्टुडिओत एक गेम तयार होत होता. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं इंग्लंड. त्या काळावरचे गेम काही कमी नाहीत. उंच टोपी घातलेला कोणीतरी खुन्याचा माग काढत गल्ल्यांतून हिंडतो, नाहीतर वाफेवर उडणारी अचाट यंत्रं असतात, बंगल्यांतून भुतं असतात. कामाला जाणारी माणसं आपली मागे, शोभेला. या गेममध्ये मात्र खेळणारा स्वतःच कामगार व्हायचा. कोणाला काय उत्तर द्यायचं, कुठे वळायचं, कोणाची बाजू घ्यायची ते त्यानं ठरवायचं, आणि तो वळेल तशी गोष्ट वळायची. त्यातलं संपाचं प्रकरण शैलानं लिहिलं होतं. शैलानं इंग्लंड नकाशातच पाहिलेलं. तिनं लिहिलं ते सगळं लालबागवरून.

गेटापाशी खेळणाऱ्याला दोन वाटा होत्या. आत जा, किंवा उभा राहा. उभं राहण्याची वाट लांब होती. दिवसांमागून दिवस जायचे, बरोबरची माणसं गळत जायची, आणि तरी उभं राहिलं तर शेवटी काहीतरी घडायचं. अडचण अशी, की तिथवर कोणी पोचतच नव्हतं.

"शैला, ऐक," माधव म्हणाला. माधव स्टुडिओचा प्रमुख, शिवाजी पार्कचा, माणूस सरळ. "गेम म्हणजे काहीतरी करणं. पळणं, लढणं, शोधणं. उभं राहणं म्हणजे काही न करणं. लोकांना त्याचा कंटाळा येतो. सहा वाजता हे प्रकरण बंद करून हॅरिएटच्या हवाली करायचंय. उभं राहायची वाट आपण कापून टाकू."

"ठरलंय काय आपलं? बाहेरचा एक जरी माणूस शेवटपर्यंत उभा राहिला तर वाट राहणार."

"हो. पण आणणार कुठून तो माणूस?"

काचेच्या खोलीत बसलेली लंडनची हॅरिएट घड्याळाकडे बघत होती. तिला आज रात्रीचं विमान होतं. शैला उठून खिडकीशी गेली. तिच्या बापानं अख्खा जन्म घालवून जे केलं, त्याला ही शिकलेली माणसं काही न करणं म्हणत होती. ते तिला सहन होत नव्हतं. राग एवढा आला होता की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

खाली गेट होतं. खरं गेट. गिरणी पाडली, त्या जागी काचेच्या इमारती आल्या, पण चिमणी आणि हे लोखंडी गेट मालकांनी जुन्याची शोभा म्हणून ठेवलं होतं, काळा चकचकीत रंग मारून. गेटासमोर, रस्त्यापलीकडे कुशाबाची चहाची टपरी. आणि टपरीच्या बाकड्यावर पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून बसलेले गुणाजी. शैलाचे बाबा.

पूर्वी दुपारची पाळी भरायची त्या सुमाराला ते रोज येऊन बसत आणि दिवेलागणीला उठत. याच गिरणीत साचे, म्हणजे विणायचे माग, चालवले त्यांनी. संप झाला, त्या दिवशी बाहेर पडले ते पडलेच. पुढे गिरणी बंद झाली, संपाचा पुढारी गेला, सरकारं आली नि गेली. बाबांचं म्हणणं एकच. "संप मागे घेतलो असा कोणी जाहीर केल्यान? नाय ना? मगे संप चालू आसा. संपकरी गेटाच्या आत पाय टाकता काय?" चाळीतली पोरं हसायची. हसली तर हसली. शैलाला इथे नोकरी लागली तेव्हा त्यांनी पेढा खाल्ला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू संपावर नाय. तू जा हो बाय. माका मातर बोलावू नको."

तिनंही कधी बोलावलं नव्हतं. आजपर्यंत.

ती खाली गेली. बापाला काय सांगायचं ते तिनं मनात तीनदा जुळवलं आणि बाकड्यापाशी पोचल्यावर सगळं विसरली.

"बाबा, वर याल? माझं काम आहे."

"वर खय?"

"ऑफिसात."

कुशाबानं गाळणी हातात तशीच धरली. तोही याच गिरणीतला, सातारकडचा. बाबांनी गेटाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"शैल्या, तू माका ओळखतंस मां?"

"ओळखते."

"मगे इचारतंस कित्याक?"

"कारण माझा जीव चाललाय!" ती ओरडलीच. रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. मग तिनं बाकड्यावर टेकून सगळं सांगितलं. गेम, गेट, जॉर्ज, सहाची मुदत. "एक माणूस पाहिजे बाबा, शेवटपर्यंत उभा राहणारा. अख्ख्या मुंबईत तुमच्याशिवाय मला असा कोण मिळणार? आणि तुम्हीच आत येत नाही."

"ता मिशिन हय हाड," बाबा म्हणाले. "मी खेळतंय."

"मशीन गेटाबाहेर नेता येत नाही. करार आहे तसा. नेलं तर मला घरी बसवतील."

"म्हंजी ह्याचा पाय आत न्हाई, आन् त्याचं मिशीन भाईर न्हाई," कुशाबा म्हणाला. "बरीच की जोडी जमली!" मग त्यानं गाळणी खाली ठेवली. "आरं पण गुणाजी, गजातनं खेळ की! पाळीला डबं कसं यायचं आपलं?"

तिघांनीही गेटाकडे पाहिलं. गिरणी चालू होती तेव्हा पाळीवरच्या माणसाला बाहेर सोडत नसत. खानावळीच्या बाया, घरच्या बाया डबा घेऊन यायच्या आणि गजांमधून आत सारायच्या. डबा एवढ्याच जाडीचा घ्यायचा, की गजातून जाईल. लालबाग-परळच्या घरांतून अजूनही असले चपटे डबे माळ्यावर सापडतात.

शैला धावत वर गेली.

"तू विनोद करतेयस," माधव म्हणाला.

"मशीन गेटाच्या आत राहील. माणूस बाहेर राहील. नुसती कंट्रोलरची वायर गजातून जाईल. करारात वायरबद्दल काही लिहिलंय?"

माधवनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात काचेच्या खोलीतून हॅरिएट बाहेर आली, काय चाललंय म्हणून. माधवनं सांगितलं. ती हसली नाही. तिनं एकच विचारलं, "तो माणूस आत का येत नाही?"

"त्याचा संप चालू आहे," शैला म्हणाली.

हॅरिएटनं आपली पर्स उचलली आणि सरळ लिफ्टकडे चालू लागली.

वॉचमनच्या केबिनबाहेर टेबल मांडलं. पडदा गजांकडे तोंड करून ठेवला. वॉचमन हवालदिल होऊन सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. "मॅडम, मेरी नौकरी जाएगी," असं तो दर दोन मिनिटांनी म्हणत होता आणि तरी प्लगची वायर तोच धरून उभा होता. आत हॅरिएट, माधव आणि कॉफी प्यायला उतरलेली ऑफिसची पोरं. बाहेर बाबा, त्यांच्याशेजारी शैला आणि टपरी सोडून आलेला कुशाबा.

"ऐक," माधवनं आतून बजावलं. "इंग्रजी वाक्यांचं फक्त भाषांतर करायचं. सुचवायचं नाही, डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत. आणि जॉर्ज गेटापासून हलला की कोपऱ्यातला कंदील मंद होत जाईल. तो विझला की प्रकरण संपलं. मान्य?"

"मान्य."

बाबांनी गजातून आलेला कंट्रोलर दोन्ही हातांनी धरला. "ह्यो मी?"

"हो. जॉर्ज. विणकर आहे."

"जार्जा, उभो ऱ्हव रे बाबा," ते म्हणाले. पोरं हसली. बाबा हसले नाहीत.

पडद्यावर भोंगा वाजला. तो आवाज ऐकून बाबांची मान ताठ झाली. गेटावर माणसांची गर्दी होती. मुकादम गजांशी आला आणि बोलू लागला. शैलानं सांगितलं, "तो म्हणतोय, जॉर्ज, तू चांगला कारागीर आहेस. आत ये, तुझी जुनी जागा तुझीच आहे."

"जागा काय तुझ्या बापाशीची?" बाबा पडद्याला म्हणाले आणि उभं राहण्याचं बटण दाबलं.

एक दिवस गेला. दुसरा गेला. घोड्यांवरून पोलीस आले, माणसं पांगली, परत जमली. पहिल्यापेक्षा कमी जमली. रोज सकाळी जॉर्जची बायको, एलन, पत्र्याचा डबा घेऊन यायची. दोन शब्द बोलायची, डबा द्यायची आणि डावीकडे वळून धुक्यात दिसेनाशी व्हायची.

या धुक्याचंही सांगून ठेवतो. त्या काळच्या इंग्लंडात धुकं होतंच, पण गेम करणाऱ्यांना ते फार सोयीचं पडतं. जिथवर रस्ता बांधलाय तिथवर दाखवायचा आणि पुढे धुकं सोडायचं. पलीकडे काही नसतंच. घरं नाहीत, माणसं नाहीत, नुसती न दिसणारी भिंत. गेट शैलानं वीट न् वीट सांगून बांधून घेतलं होतं. डावीकडच्या वळणावर तिनं धुकं टाकलं आणि पुढच्या कामाला लागली.

"काय म्हणता ती?" बाबांनी विचारलं.

शैलानं वाचलं. "खाऊन घ्या, गार..." आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "जेवा, गार जातला."

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

पाचवा की सहावा दिवस असेल, जॉर्जचा दोस्त विल खाली मान घालून आत गेला. सकाळची बरीचशी पोरं इथेच घसरली होती, दोस्ताच्या मागोमाग गेली होती. शैलानं श्वास धरला. बाबांचा अंगठा बटणावर थांबला.

"असोच आमचो विठोबा गेलो," ते हळूच म्हणाले. "हेका शिव्या देवची सोय आसा काय गो?"

"नाही बाबा."

"बरा झाला. तेची पोरा लहान होती." आणि त्यांनी उभं राहण्याचं बटण दाबलं.

गजांच्या आत आता कोणी हसत नव्हतं. कॉफीचे कप तसेच हातात राहिले होते. हॅरिएट टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकली होती. पडद्यावर बर्फ वाढला. गर्दी विरळ होत होत बोटावर मोजण्याइतकी झाली, मग जॉर्ज आणि एक म्हातारा, एवढेच उरले. मुकादम रोज येऊन बोलावत होता, रोज काहीतरी नवं दाखवत होता. बाबा दरवेळी तसंच बटण दाबत होते, पण आता कपाळावर घाम होता आणि ते श्वास तोंडानं घेत होते. एरवीची वेळ असती तर शैलानं त्यांच्या हातातून ते काढून घेतलं असतं. आज ती मनात घोकत होती, थोडंच राहिलंय, बाबा, थोडंच.

"आलंच," माधव पुटपुटला. त्याच्याही नकळत तो आता शैलाच्या बाजूचा झाला होता. "आणखी दोन सकाळी. झालं मग."

सकाळ झाली. एलन आली. तिनं डबा पुढे केला. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

त्या चिंध्या शैलानंच सांगून चित्रात घालायला लावल्या होत्या. लहानपणी आईची बोटं तशी पाहिल्याचं तिला अंधुक आठवत होतं. चित्र काढणारीनं विचारलं होतं, कशामुळे? शैलानं म्हटलं होतं, थंडी असेल, काढ तू.

बाबा पडद्याच्या आणखी जवळ सरकले. गजाला कपाळ टेकलं त्यांचं.

"हिच्या हातांक काय झाला?"

सुचवायचं नव्हतं. आणि सुचवणार तरी काय?

"हिका इचारूचा बटण खयचा?"

"तसं बटण नाहीये."

एलन डावीकडे वळली. बाबांनी अंगठा सरकवला. जॉर्ज गेटापासून निघाला आणि तिच्यामागून चालू लागला.

आतली पोरं एकदम ओरडली, "अरे! आजोबा!" माधवनं हात वर करून त्यांना गप्प केलं. कोपऱ्यातला कंदील मंद व्हायला लागला. परत फिरा बाबा, गेटाशी या, दोन सकाळी राहिल्यात, असं तिच्या अगदी ओठावर आलं आणि तिनं ओठ दातांखाली धरला. रक्ताची खारट चव आली तिला.

एलन धुक्यात शिरली. जॉर्ज धुक्याशी पोचला आणि थांबला. पाय हलत होते, माणूस जागेवरच.

"हय भित आसा," बाबा म्हणाले.

त्यांनी पुन्हा अंगठा रेटला. जॉर्ज पुन्हा धुक्यावर आपटला. पुन्हा, पुन्हा. थोडं बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. बापाचं ते रेटणं शैलाला बघवत नव्हतं. कंदील फडफडला आणि विझला. पडद्यावर अक्षरं उमटली.

"काय लिवलाहा?"

"तुमची जागा दुसऱ्यानं घेतली."

"म्हंजे हरलंय?"

"हो बाबा."

रस्त्यावरून बस गेली. बाबांना हरल्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. ते अजून धुक्याकडेच बघत होते.

"पन ती खय गेली?"

"माहीत नाही."

"तू लिवलंस मां हा?"

"हो."

"मगे तुका म्हायत नाय?"

गेटावर उभा असलेला माणूस तिनं लिहिला होता. रोज डबा आणणारी बाई तिनं आणली आणि पाठवून दिली होती, जसं तिच्या घरात इतकी वर्षं चाललं होतं तसंच. डबा रिकाम्या घरातून कसा येत होता, हे तिलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि याची तिला मनापासून लाज वाटली.

हॅरिएटनं माधवला कोपरानं ढोसलं. काय बोलतायत ते? माधवनं सांगितलं. हॅरिएट सरळ शैलाकडे वळली आणि गजातून म्हणाली, "त्या बाईच्या मागे जाता आलं पाहिजे. मी सोमवारपर्यंत थांबते. पण सोमवारी मला कळायला हवं, ती जाते कुठे."

"मुदत सहाची आहे," माधव म्हणाला.

"मुदत आमच्या कंपनीची आहे," हॅरिएट म्हणाली. "जाते कुठे ती, शैला?"

सगळे शैलाकडे बघत होते. वाट वाचली होती आणि वाटेवर पुढे काय आहे ते लिहिणारीलाच ठाऊक नव्हतं. सोमवारी हात हलवत आलं तर माधवला कात्री चालवायला कोणाचीच हरकत राहणार नव्हती. ती बाबांकडे वळली, तर बाबा तिथे नव्हते. कंट्रोलर गजांमध्ये नीट अडकवून ठेवला होता. रस्त्याच्या कडेनं पांढरी टोपी लालबागच्या दिशेनं चालली होती, दिवेलागणीला अजून अवकाश असताना.

"आरं गुणाजी, च्या?" कुशाबानं हाक मारली. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

शैला घरी पोचली तेव्हा चाळीच्या खोलीत तिची आई राधाबाई भिंतीला टेकून गवार मोडत बसली होती आणि बाबा तिच्यासमोर, उंबऱ्याच्या आत, चपलासुद्धा न काढता. राधाबाई नवऱ्याकडे टक लावून बघत होती. या वेळेला हा माणूस घरात, म्हणजे नक्की कोणीतरी गेलं, असा चेहरा.

"काय झाला? कुशाबा बरो आसा मां?"

"बरो आसा," बाबा म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "शैल्याच्या खेळात बाय डबो देवन जाता, फुडे भित आसा. संपात तू माका डबो देवन खय जाय होतंस?"

राधाबाईचा हात थांबला.

"तुज्या बोटांक चिंधये असत. माका दिसत. मी बघी," बाबा म्हणाले. "इचारलंय नाय मी. माका वाटला, युनियनचा धान्य येता, त्यात भागता. तसा वाटून घेतलंय."

"आता काय तेचा?"

"सांग."

"वरळेक," ती म्हणाली. "कोळीवाड्यात. पुतळाबाई म्हणान कोळीण होती, तिच्या ओट्यावर सुंगटा सोलूक. बरफातली. पयले दोन दिवस बोटा भाजल्यासारखी होतत, मगे काय समजणा नाय. सुंगटाचो काटो लागलो की चिंधी बांधूची. येताना हातांक लिंबू चोळूचा, तुमका वास येव नये म्हणान. ह्या शैल्याक थयच पाटीत निजवी होतंय मी."

शैला दारातच उभी होती. माशांच्या पाटीतलं काही तिला आठवत नव्हतं. तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

"आणि माका सांगलंस नाय?" बाबांचा आवाज फाटला. "गेटार मी उभो. लोक माका म्हणत, गुणाजी वाघ आसा. आणि तू थय बरफात... माका सांगूचा नाय? एकदा तरी?"

"सांगलंय असतंय तर काय केलां असतात?"

बाबांनी पायांतल्या चपलांकडे पाहिलं.

"आत गेला असतात," राधाबाई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी, खाली मान घालून, त्या विठोबासारखे. माका म्हायत नाय काय तुमचा काळीज? म्हणान मी सांगूक नाय." तिनं गवारीची शेंग कडकन मोडली. "संप काय तुमचो एकट्याचो होतो?"

बाबांनी तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ते रडले. मोठ्यानं, लाज न बाळगता, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असे. राधाबाईनं त्यांना रडू दिलं. तिनं पुढे होऊन डोळे पुसले नाहीत की समजूत काढली नाही. इतक्या वर्षांनी तेवढा तिचा हक्क होता.

मग ती शैलाकडे वळली. "तू कित्या गो दारात उभी? बस. तुजो बाप सांगत होतो, खेळात काय भित आसा."

"आई," शैला खाली बसत म्हणाली, "ती भिंत मला पाडायचीय. तू पुढचं सांगशील? सगळं. कोळंबीचा ओटा कसा होता, बर्फ कुठून यायचा, बाया काय बोलायच्या."

"बोलतत काय? मालकाक शिव्या घालीत. आणि घोवांक." नवऱ्याकडे बघताना राधाबाईच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. "सांगतंय. पन आधी चाय व्हयी. सांगून सांगून माजो घसो सुकतलो."

शैला उठायला लागली. आईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. बाबा उठले. चपला काढून दाराबाहेर ठेवल्या आणि ओट्याशी गेले. भांडं सापडलं, चहाची पूड सापडली. मग ते फळीवरचे डबे एकेक उघडून बघत राहिले. उघडत होते आणि मिटत होते. शेवटी तसेच पाठमोरे म्हणाले,

"साखर खय आसता गो?"

"इचारलात," राधाबाई म्हणाली. "चला, सुरवात तरी झाली." आणि तिनं शैलाला सांगायला घेतलं.